समाजकार्य-शिक्षणाचा बहुशास्त्रीय पाया : उसनवारीचा प्रश्न

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे पहिले सत्र ज्याने जवळून पाहिले आहे, त्याच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. आठवड्यातील काही दिवस विद्यार्थी वर्गात समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, मानवी वाढ व विकास अशा विषयांवरील व्याख्याने ऐकतो. उरलेल्या दिवशी तो वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात किंवा न्यायालयाच्या आवारात क्षेत्रकार्यासाठी जातो. वर्गातील प्रत्येक शास्त्र आपापल्या परीने सुसंगत असते. क्षेत्रात मात्र त्याच्यासमोर एक माणूस, एक कुटुंब किंवा एक वस्ती असते, आणि ती कोणत्याही एका शास्त्राच्या कप्प्यात मावत नाही. समाजकार्याचा पाया बहुशास्त्रीय आहे, हे विधान पाठ्यपुस्तकांच्या आरंभीच्या प्रकरणांत हटकून सापडते. परंतु ही शास्त्रे एकमेकांशी कोणत्या नात्याने नांदतात, आणि त्यांच्यात मतभेद झाल्यास निवाडा कोणी करावयाचा, ह्याचा विचार तितक्या आस्थेने झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रश्न जुना आहे. १९१५ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या अमेरिकेतील धर्मादाय व सुधारकार्याच्या राष्ट्रीय परिषदेत अब्राहम फ्लेक्सनर ह्यांनी समाजकार्य हा व्यवसाय म्हणावा की नाही, असा प्रश्न उपस्थित केला, आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले. फ्लेक्सनर ह्यांच्या १९१० सालच्या अहवालाने अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाची उलथापालथ केली होती. त्यामुळे त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. समाजकार्यकर्ता हा वस्तुतः मध्यस्थ होय, तो गरजूला डॉक्टर, वकील वा शिक्षक ह्यांच्यापर्यंत पोहोचवितो, आणि त्याच्यापाशी स्वतःचे असे, शिकविता येण्याजोगे खास तंत्र नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. ह्या भाषणाने समाजकार्याच्या अध्यापकांच्या मनात जो सल निर्माण केला, तो पुढे कित्येक दशके निघाला नाही. स्वतःचे शास्त्र सिद्ध करण्याची घाई आणि प्रतिष्ठित शास्त्रांकडून उसनवारी करण्याची उत्सुकता ह्या दोन्हींच्या मुळाशी हा सल आहे, असे मला वाटते.

दोनच वर्षांनी, १९१७ साली, मेरी रिचमंड ह्यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रिचमंडबाईंचे औपचारिक शिक्षण माध्यमिक शाळेपुढे झाले नव्हते. बाल्टिमोर व फिलाडेल्फिया येथील धर्मादाय संघटनांतील प्रत्यक्ष कामाचा अनुभव हीच त्यांची शिदोरी. त्यांच्या ग्रंथाच्या नावातील ‘निदान’ हा शब्द वैद्यकातून आला, हे सर्वांच्या लक्षात राहिले. परंतु ग्रंथाचा गाभा दुसरीकडेच आहे. पुरावा म्हणजे काय, ऐकीव माहिती आणि प्रत्यक्ष साक्ष ह्यांत फरक कसा करावा, एका घटनेवरून अनुमान काढताना चूक कोठे होते, ह्या प्रश्नांना त्यांनी फार मोठी जागा दिली आहे, आणि त्यासाठी त्यांनी कायदा व इतिहास ह्यांच्या पद्धतींचा आधार घेतला आहे. अन्य शास्त्रांची पद्धत घ्यावी आणि निष्कर्ष मात्र स्वतःच्या साधनांवरून काढावे, अशी ही उसनवारी होती. पुढच्या पिढीने नेमके ह्याच्या उलट केले.

पहिल्या महायुद्धानंतर मानसचिकित्सेचा प्रभाव वाढला. १९१८ साली स्मिथ महाविद्यालयात मानसचिकित्सेतील समाजकार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणास आरंभ झाला, आणि पुढील दोन दशकांत फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाने व्यक्तिसाहाय्यकार्याची भाषाच बदलून टाकली. व्हर्जिनिया रॉबिन्सन ह्यांचे १९३० सालचे पुस्तक ह्या स्थित्यंतराची खूण म्हणून सांगितले जाते. रॉबिन्सन आणि जेसी टॅफ्ट ह्या पेनसिल्व्हेनियातील विदुषींनी फ्रॉइडपासून फुटून निघालेल्या ऑटो रँकचा मार्ग धरला, आणि ‘निदानवादी’ व ‘कार्यवादी’ असे दोन पंथ निर्माण झाले. निदानवादी सेवार्थीच्या भूतकाळात शिरत. कार्यवादी साहाय्य देणाऱ्या संस्थेचे कार्य, तिच्या मर्यादा आणि त्या मर्यादांच्या आत सेवार्थीने स्वतःच्या इच्छाशक्तीने घेतलेला निर्णय ह्यांवर भर देत. दोन्ही पंथांतील वाद कडवा झाला. एक गोष्ट आज दूरवरून पाहताना उघड दिसते : व्हिएन्नामधील दोन मनोविश्लेषकांच्या भांडणाने अमेरिकेतील समाजकार्याची विद्यालये दुभंगली, सेवार्थींच्या अनुभवातून उपजलेला असा हा वाद मुळी नव्हताच. शास्त्र उसने घेतले म्हणजे त्याची भांडणेही उसनी घ्यावी लागतात.

ह्याच सुमारास जागतिक मंदी आली. लाखो माणसे एकाच वेळी बेकार झाली, तेव्हा बेकारीचे मूळ व्यक्तीच्या बालपणात शोधणे हास्यास्पद ठरले. बर्था रेनॉल्ड्स ह्यांच्यासारख्या मनोविश्लेषणात मुरलेल्या अध्यापिकाच आर्थिक रचनेच्या चिकित्सेकडे वळल्या. पुढे १९५९ साली इंग्लंडमध्ये बार्बरा वूटन ह्यांनी समाजकार्याच्या मनोविश्लेषणी अवडंबराची जी झाडाझडती घेतली, ती आजही वाचनीय आहे. वूटनबाई अर्थशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि न्यायदंडाधिकारी म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. गरिबाला त्याच्या अंतर्मनाचा अर्थ सांगण्यापेक्षा सरकारी खात्यांच्या चक्रव्यूहातून त्याची वाट काढून देणे अधिक उपयुक्त, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे. त्यांची टीका काही ठिकाणी अन्यायाची आहे, परंतु तिने उपस्थित केलेला मुद्दा खोडून काढणे सोपे नाही. गटकार्याने शिक्षणशास्त्राकडून, विशेषतः जॉन ड्यूईच्या विचारांतून, आणि समुदाय संघटनेने समाजशास्त्राकडून जे घेतले, त्याचा इतिहास तुलनेने शांत आहे; त्यात येथे शिरण्याचे कारण नाही.

भारतात हे शिक्षण आले ते १९३६ साली, मुंबईत. अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने १९२६ साली स्थापन झालेल्या नागपाडा नेबरहूड हाउसचे काम पाहणारे क्लिफर्ड मॅनशार्ट हे ह्या उपक्रमाचे प्रवर्तक होते. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ह्या नावाने निघालेली ही संस्था १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था ह्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नाव बदलताना ‘समाजकार्य’ हा शब्द जाऊन ‘समाजविज्ञान’ हा शब्द आला, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. त्या नावात पाया आणि इमारत ह्यांच्या नात्याविषयीची एक भूमिका दडलेली आहे.

योगायोग असा, की त्याच १९३६ साली त्याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि प्रत्यक्षात न झालेले भाषण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. भारतीय समाजात दुःखाची वाटणी कशी होते, ह्याची ती एक पूर्ण उपपत्ती होती. समाजकार्याच्या अभ्यासक्रमाने फ्रॉइड व रिचमंड ह्यांना घरात घेतले, आणि दारातच उभ्या असलेल्या ह्या उपपत्तीची दखल मात्र फार उशिरा घेतली, असा आक्षेप पुढे अनेक अभ्यासकांनी घेतला. तो निराधार म्हणता येत नाही. येथे हेही नमूद केले पाहिजे, की ह्याच संस्थेचे १९६२ पासून वीस वर्षे संचालक असलेले मा. स. गोरे ह्यांनी १९९३ साली आंबेडकरांच्या विचारांच्या सामाजिक संदर्भावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मुळात समाजशास्त्रज्ञ असलेल्या गोरे ह्यांच्यापुढे ही उसनवारीची अडचण सतत असावी, असे त्यांच्या लेखनावरून वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शास्त्रे उसनी घेतल्याने नेमके काय बिघडते? माझ्या मते प्रत्येक शास्त्र आपल्याबरोबर दोषाची एक जागा घेऊन येते. मानसशास्त्र दोष मनात शोधते, अर्थशास्त्र उत्पन्नात, समाजशास्त्र संस्थेत, वैद्यक शरीरात. ज्या शास्त्राचा आधार घ्यावा त्याने दाखविलेल्या जागी कार्यकर्त्याचा हात जातो. तेव्हा शास्त्राची निवड ही केवळ बौद्धिक बाब राहत नाही. सेवार्थीला कोणत्या नजरेने पाहावयाचे, हे तिनेच ठरते. दोन उदाहरणे घेतो.

पहिले क्षयरोगाचे. औषधोपचार मध्येच सोडणारा रुग्ण हा रुग्णालयातील समाजकार्यकर्त्याचा नित्याचा विषय. एका काळी अशा रुग्णाविषयीच्या नोंदीत ‘असहकारी’, ‘अज्ञानी’, ‘रोगाचा स्वीकार न केलेला’ अशी विशेषणे सर्रास असत. ह्यांपैकी प्रत्येक विशेषणामागे मानसशास्त्राची एखादी संकल्पना उभी आहे. आता १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या प्रयोगाकडे पाहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद आणि मद्रास सरकार ह्यांनी मिळून हा प्रयोग हाती घेतला. शहरातील गरीब रुग्णांचे चिठ्ठ्या टाकावयाच्या पद्धतीने दोन गट केले. एकावर आरोग्यधामात, दुसऱ्यावर घरीच, एक वर्षभर तेच औषधोपचार केले. आरोग्यधामात आहार चांगला, विश्रांती पुरेशी; घरी दाटीवाटी आणि अर्धपोटी राहणे. तरीही घरच्या उपचाराचे फळ आरोग्यधामाच्या तोडीचे आढळले. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि रुग्णाला कुटुंबातून उठवून डोंगरावरच्या आरोग्यधामात पाठविण्याच्या रूढ पद्धतीचा आधारच ढासळला. औषध नियमितपणे रुग्णापर्यंत पोहोचते की नाही, ह्या प्रश्नाला त्यामुळे मध्यवर्ती स्थान आले.

त्यापाठोपाठचा अभ्यास आमच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबब्रत बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन ह्यांनी तुमकूर जिल्ह्यात रुग्णांची पाहणी केली. खेड्यातील माणसाला खोकल्याचे गांभीर्य कळत नाही, तो दवाखान्यात येत नाही, त्याचे ‘प्रबोधन’ केले पाहिजे, अशी त्या वेळची सार्वत्रिक समजूत होती. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासाने ती उलटी केली. बहुसंख्य रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती, आणि निम्म्याहून अधिक जण सरकारी दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांची थुंकी तपासली गेली नव्हती. खोकल्याच्या औषधाची बाटली हाती देऊन त्यांची बोळवण झाली होती. ज्याला रुग्णाचे अज्ञान म्हटले जात होते, ते दवाखान्याचे अज्ञान निघाले.

ह्या दोन अभ्यासांनी समाजकार्याच्या अध्यापनाला काय शिकविले? एक डॉक्टरांनी केलेला प्रयोग होता, दुसरी समाजशास्त्रीय पाहणी. परंतु पाहणीत विचारलेला प्रश्न कोणत्याही एका शास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून सहजासहजी निघाला नसता. रुग्ण आमच्याकडे का येत नाही, असा प्रश्न शास्त्र विचारीत होते. रुग्ण आला तेव्हा आम्ही काय केले, असा प्रश्न अभ्यासकांनी विचारला. आपल्या संस्थेकडे चौकशीचा विषय म्हणून पाहणे हे समाजकार्याचे स्वतःचे असे वैशिष्ट्य होऊ शकते. कार्यवादी पंथाच्या ‘संस्थेचे कार्य’ ह्या कल्पनेत त्याचे बीज होते. पण ते रँकच्या मानसशास्त्राखाली दबून गेले. रुग्णाच्या खिशाचा प्रश्नही असाच उशिरा मान्य झाला. क्षयरुग्णाला उपचारकाळात पोषणासाठी दरमहा रोख साहाय्य देण्याची केंद्र सरकारची योजना २०१८ साली आली. प्रारंभी रक्कम ५०० रुपये होती, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ती १००० रुपये झाली.

दुसरे उदाहरण कायद्याचे आहे आणि ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. मुंबई भिक्षा-प्रतिबंधक अधिनियम १९५९ सालचा. भीक मागणे म्हणजे काय, ह्याची ह्या कायद्यातील व्याख्या अतिशय व्यापक आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे ह्यांच्या मिषाने मागणे तिच्यात येते. इतकेच काय, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भिक्षेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या स्थितीत सार्वजनिक जागी भटकणेही येते. दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत स्थानबद्धता. आदेश देताना न्यायालयाने विचारात घ्यावयाच्या बाबींत परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालाचा समावेश आहे. म्हणजे एखाद्या डोंबाऱ्याच्या वा बहुरूप्याच्या स्वातंत्र्याचा निर्णय अंशतः समाजकार्यकर्त्याच्या लेखणीवर अवलंबून राहतो. त्या अहवालात तो काय लिहील? ‘कामाची आवड नाही’ असे लिहिणे सोपे आहे. मानसशास्त्राचे जुजबी ज्ञान असले की ते अधिक सफाईने लिहिता येते. ज्याने मानवशास्त्र नीट अभ्यासले आहे तो विचारील, की ह्या माणसाच्या पूर्वजांचा खेळ करणे हाच व्यवसाय होता, गावगाड्यात त्याला मान्यता होती, ती केव्हा व कशाने गेली?

अर्थात मानवशास्त्राच्या गळ्यात सरसकट हार घालण्याचे कारण नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या मुळाशीही एक मानवशास्त्रच होते. सुताराचा मुलगा जसा सुतार तसा चोराचा मुलगा चोर, ह्या जातविषयक समजुतीला शास्त्राचा पोशाख चढवून कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या आणि त्यांना सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाच्या आतील वसाहतींत कोंडण्यात आले. हा कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. भिक्षा-प्रतिबंधक कायद्यातील अनेक तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली, दिल्लीपुरत्या, घटनाबाह्य ठरविल्या. त्या निकालाचा मुख्य आधार घटनेतील समता व जीविताचा हक्क हा होता. येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. ज्या कायद्याच्या अंमलबजावणीत समाजकार्यकर्ते साठ वर्षे साहाय्य करीत आले, त्याच्याविषयीचा हा निर्णय न्यायशास्त्राने दिला. समाजकार्याच्या स्वतःच्या सिद्धांताने तो आधी का दिला नाही? समाजकार्याच्या मूल्यविचारात मानवी प्रतिष्ठा पहिल्या क्रमांकावर असते, आणि तरी ते मूल्य अहवालाच्या नमुन्यापर्यंत उतरले नाही. मूल्यविचाराचे व्याख्यान एका वाराला आणि कायद्याचे दुसऱ्या वाराला, अशी विभागणी असली की हे असेच होणार.

मूल्यांचीही उसनवारी झाली, हे विसरता कामा नये. फादर फेलिक्स बिस्टेक ह्यांनी १९५७ साली सांगितलेल्या व्यक्तिसाहाय्याच्या सात तत्त्वांपैकी ‘स्वयंनिर्णय’ हे तत्त्व आमच्याकडील विद्यार्थी सर्वांत आधी पाठ करतो आणि क्षेत्रात सर्वांत आधी त्याच्यापाशीच अडखळतो. सासरी नांदायला जावे की माहेरी राहावे, ह्याचा निर्णय घेणारी ‘व्यक्ती’ कोण? ती स्त्री, की तिचा थोरला भाऊ? गोरे ह्यांनी दिल्ली व परिसरातील अगरवाल कुटुंबांचा जो अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला, त्यात शहरवास व शिक्षण ह्यांमुळे मनोवृत्तीत फरक पडला तरी संयुक्त कुटुंबाची घडी एकाएकी मोडत नाही, असे दिसून आले. ह्यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात, की स्वयंनिर्णय हे पाश्चात्त्य तत्त्व आपल्याला लागू नाही. मला हे मान्य नाही. समाजशास्त्र कुटुंबाची रचना कशी आहे ते सांगते. त्या रचनेपुढे स्त्रीने मान तुकवावी, असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. वर्णन आणि आदेश ह्यांतील ही सीमा तत्त्वज्ञान शिकविते, आणि आमच्या अभ्यासक्रमात सर्वांत कृश विषय कोणता असेल तर तो तत्त्वज्ञान.

१९७० नंतर प्रणाली-सिद्धांताने ही सारी शास्त्रे एका छत्राखाली आणण्याचा यत्न केला. जीवशास्त्रज्ञ बर्टलॅन्फी ह्यांच्या कल्पना घेऊन पिंकस व मिनाहन ह्यांनी १९७३ साली, आणि परिसरविज्ञानाच्या आधाराने जर्मेन व गिटरमन ह्यांनी १९८० साली आपापल्या मांडण्या केल्या. व्यक्ती, कुटुंब, संस्था, समाज ही परस्परांत गुंतलेली वर्तुळे होत, हे चित्र विद्यार्थ्यांना आवडते, कारण त्यात प्रत्येक शास्त्राला जागा मिळते. माझी अडचण नेमकी तीच आहे. सर्वांना जागा देणारी चौकट कोणालाही नाकारीत नाही. आणि जी कोणाला नाकारीत नाही तिच्याकडून मतभेदाचा निवाडा होत नाही. तुमकूरच्या रुग्णाभोवती वर्तुळे काढली असती तरी दवाखान्यात थुंकी तपासत नाहीत, हे कळण्यासाठी कोणीतरी दवाखान्यात जाऊन पाहणे आवश्यकच होते.

२०१४ साली मेलबर्न येथे आंतरराष्ट्रीय संघटनांनी समाजकार्याची नवी व्याख्या स्वीकारली. तीत समाजकार्याचे स्वतःचे सिद्धांत, सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्या ह्यांच्या जोडीला देशज ज्ञानाचाही आधार म्हणून उल्लेख झाला. ह्या उल्लेखाचे स्वागत करताना थोडे सावध राहिले पाहिजे; जातपंचायत हीही देशजच आहे. परंतु महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर देशज ज्ञानाचा शोध घेण्यास अरण्यात जाण्याची गरज नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या-प्रतिबंधक गृह काढले. विधवेच्या पोटच्या पोराचा जीव जातो तो तिच्या दुष्ट मनामुळे, असे मानणाऱ्या समाजात त्यांनी दोषाची जागा विवाहसंस्थेत आणि धर्मसत्तेत दाखविली, आणि त्याच वेळी त्या एका स्त्रीच्या बाळंतपणाची गुप्त व सुरक्षित सोयही केली. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईत १८८९ च्या मार्चमध्ये निघाले. जेन अॅडम्स ह्यांचे शिकागोतील हल हाउस त्याच वर्षीच्या सप्टेंबरचे. समाजकार्याचा इतिहास शिकविताना दुसरी तारीख आम्ही परीक्षेत विचारतो. पहिली विचारली जात असल्यास मला ठाऊक नाही.

उपपत्ती आणि साहाय्य एकाच हाताने कसे करावे, ह्याचा हा धडा स्वतंत्र प्रश्नपत्रिकेचा विषय करून साधणार नाही. मानसशास्त्र शिकविण्यासाठी त्या विभागातील तज्ज्ञ बोलवावा, की क्षेत्रकार्य केलेल्या अध्यापकाने ते शिकवावे, हा वाद विभागाविभागांत चालतो. तज्ज्ञ आपल्या शास्त्रातील पुराव्याचे मोल जाणतो. क्षेत्रकार्य केलेला अध्यापक त्या शास्त्राची कुवत कोठे संपते ते जाणतो. माझा कौल तज्ज्ञाच्या बाजूने आहे, मात्र एका अटीवर : सत्रातून निदान दोनदा त्याने क्षेत्रकार्याच्या पर्यवेक्षणास बसावे, आणि विद्यार्थ्याच्या नोंदवहीतील एकेका वाक्यापाशी थांबून, हे विधान कशावरून केले, हे कोणी पाहिले, ह्यात दोष कोणाच्या माथी जातो, आणि आपल्या संस्थेने त्या दिवशी काय केले, ह्या चार गोष्टींची विचारणा करावी. ‘सेवार्थी उदासीन आहे’ अशा एका वाक्यावर ह्या रीतीने तासभर सहज जातो. पर्यवेक्षणासाठी आठवड्याला प्रत्येक विद्यार्थ्यामागे किती वेळ ठेवावयाचा, हे ठरविताना विभागांनी हा तास हिशेबात धरावा.